पाच चौकोनांचा धर्म

मी धर्म काढला तो एका मंगळवारी, दुपारी सव्वातीनच्या सुमारास, कॉलेजातून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन. रजेच्या अर्जात कारण लिहिलं होतं, ‘घरगुती’. आजवर जगात जे धर्म निघाले त्यांच्या संस्थापकांना रजेचा अर्ज द्यावा लागल्याचं माझ्या वाचनात नाही. त्यांनी बहुधा थेट घरच सोडलं. मला ते शक्य नव्हतं, कारण चारच्या सुमाराला दळण आणायचं होतं.

खरं तर मला धर्म काढायचाच नव्हता. मला विजेचा मीटर माझ्या नावावर करून घ्यायचा होता. बाबा जाऊन तीन महिने झाले होते आणि मीटर त्यांच्या नावावर होता. खिडकीवरच्या बाईंनी फॉर्म उलटसुलट पाहून विचारलं, “आधीच्या ग्राहकाची सही कुठाय?” मी म्हणाले, “ते वारले.” त्या म्हणाल्या, “हो, पण वारण्याआधी केलेली असेल ना एखादी?” शेवटी सहीऐवजी वर्षभरापूर्वीचं बिल चालेल असं ठरलं, आणि ते बिल बाबांच्या कॉम्प्युटरवर होतं.

बाबा एकतीस वर्षं सायझिंगमध्ये होते. भिवंडीबाहेरच्यांसाठी सांगते, सुताला खळ लावून ते लूमवर चढण्याजोगं करतात त्या कारखान्याला सायझिंग म्हणतात. निवृत्त झाल्यावर माणसं बागेत फिरतात किंवा वर्तमानपत्राला पत्रं लिहितात. बाबांनी एक गेम लावून घेतला. इसवी सनापूर्वी चार हजार वर्षं एका टोळीपासून सुरुवात करायची, आणि फेरीमागून फेरी खेळत, गावं वसवत, शेजारच्या राजांशी तह आणि तंटे करत आजच्या काळापर्यंत यायचं. मी शेल्फच्या शेल्फ इतिहास वाचलेली बाई. मी म्हणायचे, “बाबा, इतिहास असा नसतो.” ते नजर न हलवता म्हणायचे, “नसू दे. माझी फेरी आहे आता.”

तर बिल शोधताना माझा हात त्या गेमवर पडला आणि बाबांचं राज्य उघडलं. साल अकराशे चाळीस. मधोमध राजधानी टेमघर, म्हणजे आमचंच. डोंगरापलीकडे अंबाडी, किनाऱ्यावर काल्हेर, सगळी नावं रोमन लिपीत. टेमघरच्या वेशीवर एक दाढीवाला म्हातारा काठी घेऊन उभा होता. खाली मजकूर होता, की प्रेषित जन्माला आला आहे, धर्म स्थापन करा. मी खिडकी बंद करायला गेले तर गेमनं विचारलं, न साठवलेलं सगळं पुसलं जाईल, चालेल का?

मला ते चालणार नव्हतं.

मग धर्म काढणं आलं. आधी चिन्ह निवडायचं होतं, मी पणती निवडली. मग शिकवण. यादीत सैन्याला बळ देणारी, प्रसार दुप्पट वेगानं करणारी, व्यापाराला उपयोगी अशा अनेक शिकवणी होत्या. त्यात एक होती, ‘प्रत्येक मंदिराला जोडून ग्रंथालय’. मी ग्रंथपाल आहे. मला कोणी दोष देऊ नये.

नावाला मात्र वीस मिनिटं लागली. हे नाव शतकानुशतकं लाखो लोक घेणार होते, घाई करून चालणार नव्हतं. शेवटी मी ‘करुणा’ असं टाइप केलं, मराठी कीबोर्ड लावून, र ला ऱ्हस्व उकार नीट पाहून, आणि बटण दाबलं. तुतारी वाजली आणि पडद्यावर घोषणा झाली. गेमला देवनागरी येत नव्हती. माझ्या धर्माचं नाव होतं, एकापुढे एक पाच रिकामे चौकोन. तीन अक्षरांचे पाच चौकोन कसे झाले ते कॉलेजातल्या कोणालाही अजून सांगता आलेलं नाही. नाव बदलायची सोय नव्हती. या बाबतीत गेम विजेच्या खिडकीपेक्षा कडक निघाला.

एवढ्यात दार वाजलं. समोरच्या घरातले कासमचाचा, हातात नाजनीनचाचीनं दिलेल्या सांदणांची ताटली. चाचांचे बारा लूम आहेत. बाबा गेल्यापासून ते दोन-तीन दिवसांनी काहीतरी घेऊन येतात, पाच मिनिटं बसतात, बाबांच्या खुर्चीकडे न बघता पंख्याकडे बघतात, आणि जातात. त्या दिवशी मात्र ते पडद्याकडे बघत उभे राहिले.

“प्रेषित आला वाटतं,” ते म्हणाले.

मी चकित झाले. “चाचा, तुम्हाला हे माहीत आहे?”

“आता घ्या. पाच साल मी रोज दुपारी कोनाच्या बाजूला बसत होतो? मला उंदीर हलवता येत न्हाय, पन मसलत माझीच असायची. रामूनं या दाढीवाल्यासाठी साठ फेऱ्या काढल्या.” चष्मा वर करून ते जवळ आले. “हे काय लिवलंयस?”

“करुणा.”

“मला पाच डबे दिसतात.”

“ते करुणाच आहे, चाचा. दिसत नाही एवढंच.”

“हां, तसं तर दुनियेतपन हाय,” असं म्हणून ते बाबांच्या खुर्चीच्या शेजारच्या स्टुलावर बसले. माझ्या लक्षात आलं की ते स्टूल तिथे का होतं, हे मी पाच वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, बाबांनी उभ्या जन्मात देवळाची पायरी आपणहून चढली नाही, त्यांना धर्म कशाला हवा होता? चाचांनी नकाशाच्या वरच्या कोपऱ्यात बोट लावलं. तिथे बर्फाळ नदीकाठी एक इवलंसं गाव होतं. लोकसंख्या एक. खाली रोमन अक्षरांत नाव, क्षितिजा.

ते माझं नाव आहे.

“ना लोखंड, ना घोडा, धान्यपन न्हाय,” चाचा म्हणाले. “शेजारी उत्तरेची रानी. तिनं दोनदा मागितलं हे गाव. हत्ती देत होती बदल्यात. मी बोललो, रामू, दे टाकून, हत्ती घे, हत्ती कामाला येतो. तर मला बोलला, कासम, ते गाव द्यायचं न्हाय. वरून आठ दिवस माझ्याशी बोलला न्हाय. चाय पन एकट्यानं पिला.”

मी चष्मा पुसला. तो खरंच मळला होता.

मग चाचांनी परिस्थिती समजावली. राणीनं आपल्या धर्माचे प्रचारक क्षितिजात घुसवले होते. लोक तिकडे झुकले की गावाची आपल्या राज्यावरची निष्ठा उतरते, आणि निष्ठा शून्यावर आली की गाव आपोआप राणीकडे जातं, लढाई न होता. आत्ता आकडा होता एक्केचाळीस, दर फेरीला तीननं उतरत होता. यावर उपाय एकच, आपला स्वतःचा धर्म काढायचा आणि तिथे पोचवायचा. “म्हनून प्रेषित,” चाचा म्हणाले. “पन बेटी, धरमाचं मला विचारू नको. तौबा. मला गुन्हा लागंल. माल कसा पोचवायचा ते विचार, ते माझं काम हाय.”

मला चौदा फेऱ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टमधून उतरताना मी माझी सहकारी उन्नती हिला फोन केला आणि जे खरं होतं ते सांगितलं. “आज उशीर होईल गं. बाबांना धर्म काढायचा होता, तो काल मी काढला. आता प्रसाराला माणसं पाठवायची आहेत.” लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या आक्का कोथिंबिरीच्या जुडीसह उभ्या होत्या. तळमजल्यावर आम्ही दोघी उतरलो. बातमी मात्र वर गेली.

संध्याकाळी आक्काच आल्या. आवाज उतरवून, मांजरासारख्या. “क्षितिजा, दुःखात माणसाला असं काहीतरी सुचतं. माझ्या चुलतदिरांनी पोपट पाळले होते. पण मला एवढं सांग, तुझ्यात उपास आहेत का? सोमवार, गुरुवार, चतुर्थी माझे आधीच गेलेले आहेत.”

“उपास नाहीत, आक्का. ग्रंथालयं आहेत.”

आक्कांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. उपास नसलेल्या धर्माचं फार दिवस चालायचं नाही हे त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं.

गुरुवारी सकाळी दारावर सोसायटीची नोटीस होती. ‘सदनिकेत राहण्याव्यतिरिक्त कोणताही उपक्रम (शिकवणी, पार्लर, धर्म इ.) सुरू करण्यापूर्वी कमिटीची लेखी परवानगी घेणे.’ सोबत फॉर्म जोडला होता. मी कमिटीला समजावून सांगायला हवं होतं, हे मला कळतं. पण ‘पार्लर’ आणि ‘इत्यादी’ यांच्यामध्ये माझा धर्म बसवलेला पाहून मला राग आला होता, आणि मला राग आला की मी फॉर्म अगदी खरा भरते. उपक्रमाचे नाव : पाच चौकोन. स्वरूप : धर्म. सभासद : अंदाजे नऊ लाख. येणाऱ्या-जाणाऱ्यांची वाहने : उंट, गलबत. पाण्याचा जादा वापर : नाही.

अर्ध्या तासात चेअरमन चांगदेव पाटील फॉर्म हातात घेऊन दारात. आमची इमारत त्यांच्याच जमिनीवर उभी आहे, त्यामुळे ते दारात उभे राहिले तरी यजमान वाटतात.

“पोरी, नव लाख मानूस म्हंजे पार्किंगचं काय?”

“ते इथे येणार नाहीत, काका.”

“आनि उंट लिफ्टनं न्हाय आनायचा. सांगून ठेवतो. मागं त्या चौथ्या माल्यावाल्यानं फ्रीज नेला तवा आठ दिस बंद होती.”

मी त्यांना आत नेऊन पडदा दाखवला. ते पडद्याजवळ वाकले. मग म्हणाले, “हे टेमघर? मंग आमची जागा कंची?” मी अंदाजानं एक टेकडी दाखवली. तिथे बाबांनी दगडाची खाण काढलेली होती. काकांचा चेहरा पडला. “ईचारलं पन न्हाय रामूनं,” असं म्हणून ते बसले, आणि परवानगी देतो पण टेकडीवर देऊळ झालं पाहिजे अशी अट त्यांनी तोंडी घातली. माझ्या धर्माचं पहिलं देऊळ सोसायटीच्या एनओसीपोटी उभं राहिलं. ग्रंथालयासकट.

आता प्रसार. श्रद्धा नावाची एक पुंजी गेममध्ये साठते, तिच्यातून प्रचारक मिळतात. प्रत्येक प्रचारकाला तीनदाच प्रचार करता येतो. मला तीन प्रचारक मिळाले. चाचांनी त्यांना कधीच प्रचारक म्हटलं नाही. ते त्यांना ‘गाठ’ म्हणत, कापडाच्या गठ्ठ्याला म्हणतात तसं. “पयली गाठ सरळ रस्त्यानं टाक. माल हलला पायजे, पडून ऱ्हायला की बुरशी धरते.”

पहिल्या गाठीला डोंगरात दरोडेखोरांनी गाठलं. दुसरा प्रचारक माझ्या हातून चुकून काल्हेरहून गलबतात बसला आणि एका बर्फाच्या बेटावर जाऊन उतरला. आजूबाजूचं पाणी गोठलं, आणि तो तिथेच राहिला. बेटावर वस्ती नव्हती. अधूनमधून एक सील दिसे.

“त्याला शिकव म्हनावं,” चांगदेवकाका म्हणाले.

“आता आणखी प्रचारक घेता येणार नाही,” मी म्हणाले. “श्रद्धा संपली.”

“कोनाची?” दोघांनी एकदम विचारलं.

“राज्याची. दोनशे लागते, एकवीस उरली आहे.”

माझ्या शिकवणीमुळे मंदिरांतून ज्ञान भराभर वाढत होतं, श्रद्धा अजिबात नाही. आमच्या राज्याला छपाई आणि खगोलशास्त्र आलं होतं. चाचा म्हणाले, “शिकलेल्या मानसाचं असंच होतं,” आणि लगेच, “तुला न्हाय बोललो.”

उरला तिसरा. त्याच्याकडे तीन प्रचार, म्हणजे तिन्ही क्षितिजासाठी राखून ठेवायला हवे होते. पण वाटेत अंबाडी लागलं. काका म्हणाले, “अंबाडीला माझ्या लेकीचं सासर हाय. तिथं न थांबता गेलीस तर मना तोंड दाखवता येनार न्हाय.” एक प्रचार अंबाडीत झाला. मग चाचांनी घसा साफ केला. त्यांचं गोडाऊन काल्हेरला आहे. “मी काही बोलत न्हाय,” ते म्हणाले, आणि खरंच काही बोलले नाहीत, अर्धा तास. दुसरा प्रचार काल्हेरला झाला. त्यासाठी त्याला उलटं यावं लागलं. मोठमोठे धर्म राजकारणानं बिघडले असं मी पुस्तकांतून वाचलं होतं. माझा नात्यागोत्यानं बिघडला.

पण हेही लिहिलं पाहिजे की त्या दुपारी मला बऱ्याच दिवसांनी चांगली भूक लागली. मी पोहे केले तर तिघांना पुरले नाहीत.

शुक्रवारी लूम बंद असतात. चाचा नमाज पढून थेट आमच्याकडे आले, काका आधीच येऊन बसले होते. क्षितिजाची निष्ठा आठवर आली होती. आमचा माणूस राणीच्या खिंडीतून, तिच्याच परवानगीनं, गावाच्या वेशीला पोचला होता. एक पाऊल बाकी होतं. मी हात पुढे केला, आणि वीज गेली.

शुक्रवारी लूम बंद म्हणून तारांची दुरुस्ती काढतात, हे या गावात जन्म काढलेल्या तिघांपैकी एकालाही आठवलं नव्हतं. दीड तास आम्ही काळ्या पडद्यासमोर बसलो. काकांनी वर्तमानपत्रानं वारा घातला, पडद्याला.

वीज आल्यावर मी पहिल्यांदाच साठवलेल्या खेळांची यादी उघडली. गेम काही फेऱ्यांनी आपोआप साठवतो, ती प्रत वर होती. तिच्याखाली बाबांच्या. साठवताना नाव द्यावं लागतं, आणि बाबांनी दर वेळी ते का उठले तेच लिहिलं होतं. चहा. कासम आला. लाइट गेली. जेवण. क्षितिजाचा फोन. जेवण. क्षितिजाचा फोन. असं खाली खाली, पाच वर्षं. सगळ्यात वरचं मार्चमधलं होतं, उद्या.

“काय लिवलंय?” चाचांनी विचारलं. त्यांचा चष्मा घरी राहिला होता.

“तुमचं नाव आहे,” मी म्हणाले. “पुष्कळदा.”

त्यांनी पंख्याकडे पाहिलं.

आपोआप साठवलेली प्रत चार फेऱ्या मागची निघाली. निष्ठा वीस, आमचा माणूस काल्हेरजवळ. हरकत नव्हती, त्याच वाटेनं पुन्हा जायचं. पण ज्या राणीनं मागच्या वेळी हसून परवानगी दिली होती, तिनं या वेळी खिंड बंद केली. मी लोकर देऊ केली, नकार. द्राक्षं देऊ केली, नकार. काकांनी दगडाची खाण द्यायला सांगितली, ती देता येत नव्हती. चाचा म्हणाले, “नाक्यावर गाडी लागली की झालं. मी चाळीस साल बघतोय. कागद बरोबर असला तर जास्त वेळ लावतात.” दोन पर्याय उरले, लढाई किंवा गाव सोडून देणं. आमच्याकडे सैन्य नव्हतं. वेधशाळा होत्या.

“हे निलं काय हाय?” चांगदेवकाका म्हणाले.

“समुद्र.”

“आनि ही त्याच्यातनं आत गेलेली शेपटी?”

“नदी. क्षितिजाच्या मागून जाते.”

“आरं मंग पान्यानं ने की.” काकांना आमच्या अडाणीपणाचं वाईट वाटलं. “आमचा बाप काल्हेरशी होरीत रेती भरून खाडीनं जायचा. भरतीला निंगाला की कुठच्या कुठं. नाका रस्त्यावं असतो. पान्यावं कोन बसलाय?”

मी आणि चाचांनी एकमेकांकडे पाहिलं. बर्फाच्या बेटाची आठवण दोघांनाही आली होती. वाट मोजली, सहा फेऱ्या. विसातून अठरा गेले, दोन. पोचलो तर दोनवर पोचणार होतो.

माणूस होडीत बसवला. या वेळी एकेका घरावर बोट ठेवून, तिघांनी पाहून, मगच मी बटण दाबत होते. सतरा. चौदा. काका ‘डावीकडं, डावीकडं, तिथं गाल असंल’ असं सांगत होते. गेममध्ये गाळ नसतो, तरी मी डावीकडून नेलं. अकरा. आठ. नदीच्या तोंडाशी राणीचं एक गलबत आडवं आलं, थांबलं, आणि निघून गेलं. चाचांचे ओठ हलत होते. ते काय म्हणत होते ते मी विचारलं नाही, त्यांनी धर्माचं विचारू नको म्हणून सांगितलं होतं. पाच. दोन. होडी काठाला लागली आणि तो उतरला.

“वीज जायच्या आत,” काका म्हणाले.

मी प्रचार केला. तुतारी वाजली. क्षितिजा आता पाच चौकोनांचा धर्म पाळते, अशी ओळ पडद्यावर आली. लाल आकडा हिरवा झाला आणि दोनाचा सहा. नदीकाठी एक पणती दिसू लागली. तिच्या शेजारी जिथे तो उभा होता, तिथे बर्फ होता.

काका पुढे वाकले. “आपला मानूस कुठं गेला?”

मला माहीत नव्हतं. मी नकाशा इकडून तिकडे हलवून पाहिला.

“तिसरी खेप झाली ना त्याची,” चाचा म्हणाले. “काम संपलं की जातात. रामूनं सांगितलं होतं मला.”

 समोरच्या घरातून नाजनीनचाचीचा कुकर तेवढा ऐकू येत होता.

“गाव ऱ्हायलं ना पन?” काकांनी विचारलं.

“राहिलं,” मी म्हणाले, आणि पुढची फेरी दाबली.